ताट भायेर ठेवा

बस गुंडाप्पा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय माझ्या पायासारखाच हाय. हितं कॉटवर बस. चहा येतोय. तवर तुला एक गोष्ट सांगतो. आपल्या मंडळातलीच हाय. भाषणात तू ती ऐकली असशील, पण भाषणात निम्मी सांगतात. उरलेली निम्मी माझ्याकडं हाय. हसू आलं तर हास, शिवी आली तर दे, पण मधनं उठून जाऊ नको.

तर रविवार होता. सकाळची सभा चाललीती. तवा मंडळाची खोली पिठाच्या गिरणीवर होती. खाली चक्की, वर आम्ही. कुणी टाळी वाजवली की सतरंजीतनं पीठ उडायचं. शमू मुजावर म्हणायचा, "जेलात भाकरीला महाग होतो, हितं नाकातोंडात पीठ जातंय. काय प्रगती हाय लेकांनो!"

तुमी धरणाच्या आंदोलनात आत गेलता, आम्ही आणीबाणीत. तवा एका बराकीत सगळी खिचडी होती. कोण खादीचा, कोण लाल बावट्याचा, कोण शाखेचा. भायेर एकमेकाचं तोंड बघत नव्हते, आत गेल्यावर एकमेकाच्या पाठी खाजवायला लागले. सुटून आलो तर कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं दुकान बसलेलं, कुणाची बायको माहेरी. गावात लोक वळख दाखवंनात. म्हणून मंडळ काढलं. आपणच आपल्याला धरायचं.

आन् मी? मी कुणाचाच न्हाई. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल. मोर्चात हलगी वाजवत पुढं चाललोतो. फौजदाराला वाटलं, पुढं हाय म्हंजे पुढारी हाय. उचलला.

मंडळाची आपली एक बोली होती. कोण आजारी पडला की आळीपाळीनं त्याच्याजवळ बसायचं, त्याला पहारा म्हणायचं. कोण मेला की सुटला म्हणायचं. नव्या माणसाला वाटायचं, ह्या म्हाताऱ्यांचं डोकं फिरलंय.

तर सभेत करमरकर काका बोलत होते. तवाबी अध्यक्ष तेच. पांढरी खादी, कडक इस्त्री, माणूस सरळ काठीसारखा. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आन् सुलभा वर आली. रंगूतात्या तांबटाची लेक. अंगणवाडीत कामाला होती, बापाजवळच ऱ्हायची. लोक म्हणायचे नवऱ्यानं टाकली, पण खरं तर तिनंच नवऱ्याला टाकलाता. आली ती चपला न काढता सतरंजीवर.

"तात्या जेवत न्हाईत," म्हणली.

"बरं न्हाई काय?" शमूनं विचारलं.

"बरं नसतं तर दवाखान्यात गेले असते, शमूचाचा. तुमच्याकडं कशाला आले असते? ते म्हणतात, उपोषण हाय. मागणी मान्य झाल्याबिगर घास घेणार न्हाई."

आम्ही काय केलं असंल? सगळी म्हातारी उठून उभी ऱ्हायली. कुणीतरी टाळी वाजवली, पीठ उडालं. "शाब्बास रं तांबटा!" शमू वरडला, "ह्या वयात! आन् आपण बघा, सकाळी पॉट साफ झालं न्हाई तर दिवसभर तेच सांगतोय!"

काकांनी हात वर करून सगळ्यांना गप केलं. "मागणी काय आहे?"

"मला सांगत न्हाईत. म्हणतात, तू जेलरची माणूस हाईस." सुलभा तशीच उभी. "मी. जेलरची."

मग कोण हसलं न्हाई.

तात्याचं डोकं दोन वर्षं झाली घसरत चाललंतं. बाजारला म्हणून निघायचा आन् नदीवर सापडायचा. लेकीला तिच्या आईच्या नावानं हाक मारायचा. डॉक्टरनं सांगितलंतं, वयामुळं होतं, आता वाढतच जाणार. आम्हाला ठाऊक होतं सगळं. पण उपोषण म्हणल्यावर ते कुणाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. कुत्र्याला जशी शिट्टी कळती, तसा आम्हाला त्यो शब्द.

तांबट गल्लीत गेलो. तात्या खिडकीखाली कॉटवर बसलाता. कांबळ्याची चौघडी बुडाखाली, पाठ भिंतीला ताठ. जेलात बसायचा तसाच.

आम्हाला बघितलं आन् तोंड उजळलं त्याचं. "आला का करमरकर? कमिटी भरली?" मग माझ्याकडं वळला. "मारत्या, हलगी कुठाय लेका?"

आम्हाला सगळ्यांना नावानिशी वळखलं. सुलभा मागं दारात उभी होती. तिच्याकडं बोट करून म्हणला, "ती बाई सारखी आत येती. तिच्यावर ध्यान ठेवा."

मला तिच्याकडं बघवलं न्हाई.

काका कॉटजवळ गेले. "रंगनाथ, मागणी काय आहे?"

"हणमंताला बराकीत परत आणा. तवर अन्न न्हाई."

गुंडाप्पा, आता हणमंता कोण ते ऐक.

हणमंता वडर आमच्या बराकीत होता. दगड फोडणारा गडी, मोर्चातनंच उचललेला. एकदा डाळीत आळ्या निघाल्या तर त्यानं वाडगं उचलून शिपायाच्या पायावर आपटलं. त्याला अंधारीत घातला. अंधारी म्हंजे उजेडाबिगरची एकट्याची कोठडी. त्याला परत आणा म्हणून अख्खी बराक उपाशी बसलीती. हणमंता परत आला न्हाई. त्यो आतच मेला, हे आम्हाला लई मागनं कळलं. पण मंडळात त्याचं नाव कोण काढत नव्हतं. का, ते सांगतो, जरा दम धर.

मला वाटलं, काका आता समजूत घालतील. काका खाली बसले. जमिनीवर, इस्त्रीच्या धोतरात. म्हणले, "रंगनाथ, मीही तुझ्याबरोबर बसतो. या वेळी मागं हटणार नाही."

'या वेळी' म्हणले. मी ऐकलं आन् सोडून दिलं.

सुलभा पुढं आली. "काका, बसताय काय? त्यांना उठवायला आणलंय मी तुम्हाला! त्यांना भूकच कळत न्हाई आता. तुमचं ऐकतील ते. म्हणा की, उपोषण सुटलं."

"असं सोडायचं नसतं, बाळ. तुला नाही कळायचं."

"मला कळायचं न्हाई? त्यांचं धोतर कोण बदलतं, काका?"

ती आत गेली आन् ताट घेऊन आली. वरण-भात, भाकरी, कांदा. कॉटपुढं मांडी घालून बसायला लागली, तर काका उठले आन् आडवे आले.

"ताट बाहेर ठेव."

"का?"

"उपोषणाला बसलेल्या माणसासमोर अन्न आणत नाहीत. जेलर हे करायचा."

ते खोटं न्हाई. त्या वक्ताला जेलरनं काय केलंतं, बराकीच्या दाराशी शिऱ्याची कढई आणून ठेवलीती. तूप सुटलेला, वेलदोडा घातलेला. वास आत. माणसं पालथी पडून कांबळी चावत होती. मी सवता चावलंय, लोकर दातात अडकतीय. तवापास्नं आमचा कायदा झाला. एक जरी उपाशी बसला, तर त्याच्या नजरंपुढं अन्न आणायचं न्हाई. ज्याला खायाचंय त्यानं लांब कोपऱ्यात जावं, पाठ करावी, मुकाट खावं. लग्नाच्या पंगतीतबी आम्ही हा कायदा पाळलाय. कुणाची एकादशी निघाली की शमू ताट उचलून मांडवाभायेर.

"मी जेलर न्हाई," सुलभा म्हणली. "लेक हाय त्यांची."

"म्हणूनच सांगतोय. आपल्या माणसाचा मोह जास्त असतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी शमूकडं बघितलं. शमूनं छताकडं. ती ताट घेऊन गेली.

पहारा लागला. दोघं आत, एक दारावर. दारावर मी. हमालाला कुणी आत बसवत न्हाई, सवय हाय. उंबऱ्यावर बसायचं आन् अन्न आत जाऊ द्यायचं न्हाई, एवढंच काम.

बातमी गावभर झाली. लोक यायला लागले. हार आले, नारळ आले. पेपरवाला येऊन फोटो काढून गेला. तात्या मूठ वर करायचा, मग मूठ तशीच हवेत विसरायचा, मग कुणीतरी ती खाली घ्यायची. पोपटाचा खेळ बघावा तशी पोरंसोरं खिडकीत चढायची. "आजोबा, मूठ! आजोबा, मूठ!" त्यो बिचारा दर वेळी वर करायचा.

काका सतरंजीवर बसून होते. त्यांनीबी काही खाल्लं न्हाई. पाणी तेवढं. हे त्यांच्या बाजूनं सांगतो, माणसानं ढोंग केलं न्हाई.

डॉक्टर आला. सलाईन लावलं, तात्यानं सुई उपटून टाकली. डॉक्टर म्हणला, "हात बांधायला लागतील."

"न्हाई बांधणार," सुलभा म्हणली.

काकांचा चेहरा फुलला. "बघा! शेवटी मुलगी कुणाची!"

"तुमच्या उपोषणासाठी नको म्हणलं न्हाई मी, काका. बांधलं की ते रडतात म्हणून."

डॉक्टरनं दाराशी येऊन मला हळूच सांगितलं, "आजोबा, कसंही करून दोन घास पोटात गेले पाहिजेत. हे उपोषण नाही, आजार आहे." मी म्हणलं, "आत जाऊन सांगा की." त्यो म्हणला, "सांगितलं. तिथं मला कुणी दोन नंबरचा जेलर म्हणालं."

दुपारी माझी पाळी संपली की सुलभाच्या सैपाकघरात जेवायला जायचो. कायद्यानं, भिंतीकडं तोंड करून. तिनं एक दिवस भाकरी वाढली आन् मागं बसून ऱ्हायली.

"मारुतीकाका, इकडं तोंड करा."

"कायदा हाय बाई."

"चुलीत घाला कायदा. इकडं बघा."

वळलो. तिच्या डोळ्याखाली काळं झालंतं.

"मी तुमच्याकडं आले तवा तात्यांनी जेवण सोडलंतं. पण अगदीच सोडलं नव्हतं," ती म्हणली. "त्यांचं ताट वाढलं की हात लावायचे न्हाईत. ते उपोषणाचं. पण मी समोर बसून माझं जेवायला लागले की त्यांचा हात यायचा माझ्या ताटात. आपोआप. बोलता बोलता भाकरीचा तुकडा मोडायचे, कालवणात बुडवायचे आन् खायचे. मी बघितलं न बघितलं करायची. बारकी असताना मी त्यांच्या ताटातलं खायची ना, तसंच." ती हसली. "एकदा माझी मिरचीबी खाल्ली आन् वर मलाच म्हणले, जेलचं कालवण तिखट केलंय आज."

मी घास ताटात ठेवला.

"मग तू काकांना का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं की. पहिल्याच दिवशी, जिन्यात. ते म्हणले, याला फितवणं म्हणतात." ती उठली, भाकरी उलथली. "दोन घासांवर जगत होता माझा बाप. मला वाटलं, चार घास व्हावेत. म्हणून तुम्हाला बोलवायला आले. तुम्ही दोनबी बंद केलेत."

मी ताट तसंच ठेवलं आन् परड्यात गेलो. काका रांजणाजवळ बसलेते, तोंडावर पाणी मारत. वाळून चिपाड झालेते.

"काका," मी म्हणलं, "जेलातल्या उपोषणाच्या कमिटीत तुम्ही तिघं होता. दोघं सुटले. म्हंजे आता कमिटी तुम्ही एकटेच. उपोषण मागं घेतलं म्हणा. एका वाक्याचं काम हाय. माणूस वाचतोय."

"ते वाक्य मी एकदा म्हणालो आहे, मारुती."

"व्हय, ठाऊक हाय. मी बराकीतच होतो. हणमंताला दुसऱ्या जेलात हलवलाय, ठणठणीत हाय, म्हणून उपोषण सोडलं. जेलरनं तुम्हाला फसवलं. त्यात तुमची काय चूक?"

काकांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"जेलरनं मला फसवलं नाही," म्हणले. "त्याच्या टेबलावर हणमंताचा ताईत होता. काळ्या दोऱ्यातला. मी बघितला. जेलरनंही बघितलं की मी बघितला. हणमंता गळ्यातून ताईत काढणारा माणूस नव्हता. मला तिथंच कळलं."

"मग?"

"मग काय. बराकीत माणसं बेशुद्ध पडत होती. तुझे ओठ फाटून रक्त येत होतं. खरं सांगितलं असतं तर कुणी उपोषण सोडलं नसतं. आणखी चार-पाच गेले असते. मी बाहेर आलो आणि म्हणालो, हलवलाय, सुखरूप आहे. सगळ्यांनी लिंबूपाणी घेतलं. रंगनाथ तेवढा अडून बसला. म्हणाला, हणमंताला डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. त्याच्याजवळ मी पेला घेऊन गेलो. म्हणालो, माझ्यावर विश्वास आहे ना? त्यानं डोळे मिटून पिऊन टाकला."

वर कावळा वरडत होता, त्याला काकांनी उगंच हात केला.

"त्याला पुढं कळलं. सगळ्यांनाच कळलं की हणमंता गेला होता. पण मला ते आधीच माहीत होतं, हे त्याला एकट्याला समजलं असावं. तीस वर्षं माझ्या शेजारी बसला. एकदा विचारलं नाही. एकदा शिवी दिली नाही. आता देवानं त्याला परत तिथंच नेऊन बसवलंय. त्याच जागी, त्याच दिवशी. आणि तू म्हणतोस, मी परत पेला घेऊन जाऊ?"

"पण काका, हणमंता कुठनं आणायचा? मेलेल्याला आणा म्हणतोय त्यो. ही मागणी कवा मान्य व्हायची?"

"मला कळतं."

"म्हंजे त्यो मरणार."

"मरेल," काका म्हणले. "पण या वेळी कुणी त्याला हरवलेला नसेल."

आन् रडायला लागले. गुंडाप्पा, मी पोत्याखाली दबून मेलेली माणसं बघितल्यात, पण रडता रडता माणूस दुसऱ्याच्या मरणाचा असा हट्ट धरतो, हे मी तिथंच बघितलं. मारावं वाटलं मला त्यांना. पाठीवर हात ठिवावा असंबी वाटलं. दोन्हीतलं काही केलं न्हाई, आत गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलभाला म्हणलं, "ताट वाढ. माझं."

"किती?"

"हमालाचं."

ताट घेतलं आन् खोलीत गेलो. दारावर मीच होतो, मला कोण अडवणार! कॉटपुढं मांडी घातली. कांदा ठेवला आन् बुक्कीनं फोडला. शमू डुलक्या घेत होता, दचकून जागा झाला.

"मारत्या! काय करतोस?"

"जेवतोय. भूक लागली."

"हितं?"

"पॉट माझ्याबरुबर हितंच आलंय, शमू. भायेर ठेवून येऊ काय?"

शमूनं काकांकडं बघितलं. काका भिंतीकडं कूस करून पडलेते, डोळा लागलाता. शमूनं परत माझ्याकडं बघितलं, आन् देव त्याचं भलं करो, पुन्हा डुलकी लागल्याचं सोंग घेतलं.

मी खायला लागलो. वाजवून खाल्लं. भुरके मारले, बोटं चाटली. तोंडात माती गेल्यासारखं लागत होतं, पण खाल्लं. "वा सुलभा," म्हणलं, "आमटी म्हंजे आमटी हाय."

तात्याची नजर आधी माझ्या हातावर आली. मग हाताबरुबर तोंडाकडं गेली. परत ताटात. मी त्याच्याकडं बघत न्हाई असं केलं आन् पावसाच्या, बाजाराच्या गप्पा सुरू केल्या. "हळदीचा भाव पडला बघ तात्या. व्यापारी लई चोर."

"चोरच त्ये," तात्या म्हणला.

आन् हात आला त्याचा. वाळकी काटकी, पण आला. माझ्या भाकरीचा तुकडा मोडला. आमटीत बुडवला. दारात सुलभानं पदर तोंडात कोंबलाता. मी ताट कणभर पुढं सरकवलं. तुकडा ताटातनं वर उचलला गेला. आमटी मनगटावरनं खाली चाललीती. तोंड उघडलं त्यानं.

काकांनी मनगट धरलं.

कवा उठले, कसे उठले, कुणाला कळलं न्हाई. दोन्ही हातांनी धरलं.

"रंगनाथ! कमिटीनं मागं घेतलेलं नाही!"

तात्यानं आपल्या हाताकडं बघितलं. त्यात तुकडा कुणी ठेवला हेच त्याला कळंना. मग त्यानं तो परत माझ्या ताटात ठेवला. बोटं कांबळ्याला पुसली, एकेक करून. शाळेत मार खाणाऱ्या पोरासारखी मान खाली घातली.

"चुकलं," म्हणला.

मी काकांना ढकललं. पडले ते, कॉटचा पाया लागला डोक्याला. मी भाकरी घेऊन तात्याच्या तोंडाजवळ नेली. "खा तात्या, खा, मी सांगतो, खा की लेका!" त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी कॉटच्या त्या बाजूला गेलो, तर ह्या बाजूला केलं. सुलभा आली, तिनं आपल्या ताटात भात कालवला, समोर बसून खायला लागली, रडत खात होती, ठसका लागत होता. तात्यानं डोळे मिटून घेतले. त्यानंतर त्यानं दात उघडलेच न्हाईत. पाण्यालाबी न्हाई. चमचा लावला की दातांवर वाजायचा.

तीन दिवसांनी भर दुपारी सुटला.

गल्ली भरून माणूस लोटलं. लाल झेंडा आला, खादीचे हार आले. 'अमर रहे'नं पत्रे थरथरले. शमूनं माझ्या हातात हलगी दिली, मी ती खाली ठेवली. तिरडी बांधली. काकांना उभं ऱ्हाता येईना, कपाळाला पट्टी, म्हणून अंगणात खुर्ची दिलीती. त्यांनी अजून तोंडात काही घातलं नव्हतं.

आता उचलायचं, तेवढ्यात सुलभा सैपाकघरातनं आली. हातात पेला. लिंबूपाणी. माणसांनी वाट दिली तिला. काकांपुढं उभी ऱ्हायली.

"घ्या काका."

"नको बाळ."

"घ्या. उपोषण सुटलं. तात्या हणमंताला भेटायला गेले. मागणी मान्य झाली."

लोकांच्या डोळ्यात पाणी आलं. बायकांनी पदर लावला. कुणीतरी टाळी वाजवली. पेपरवाल्यानं फोटो घेतला, त्यो दुसऱ्या दिवशी छापून आला, लेकीनं बापाच्या मित्राचं उपोषण सोडवलं म्हणून. भाषणात सांगतात ते हे. तू ऐकलंयस.

मी खुर्चीच्या मागं होतो. मला पुढचं ऐकू आलं. ती वाकली आन् हळू आवाजात म्हणली, "सगळं प्या. थेंब ठेवायचा न्हाई. त्यांच्या नरड्यातनं तीन दिवस पाणी उतरलं न्हाई. तुमच्या उतरतंय का, मला बघायचंय."

काकांनी पेला तोंडाला लावला. दातांवर पेला वाजत होता. निम्मं खादीवर सांडलं. ती हलली न्हाई. पेला रिकामा होईपातूर उभी ऱ्हायली, पेला घेतला, उपडा करून बघितला आन् मग म्हणली, "उचला आता."

सुलभा परत कधी मंडळाचा जिना चढली न्हाई. रस्त्यात भेटली की माझ्याशी बोलती. काकांना बघून दुसऱ्या गल्लीनं जाती. काका तसेच अध्यक्ष ऱ्हायले, कुणी काढलं न्हाई. माझ्याशी ते त्या दिवसापास्नं बोलले न्हाईत, मीबी न्हाई. एका सतरंजीवर बसायचो, मधी शमू. शमू गेल्यावर मधली जागा तशीच रिकामी.

आता तू म्हणशील, म्हातारा आजच का उकरून काढतोय. परवा पेठेतनं मंडळाची माणसं आलीती. म्हणली, काका त्यांच्या माडीवरच्या खोलीत अंथरुणाला खिळले. ताट जसं जातंय तसं परत येतंय. विचारलं तर बोलत न्हाईत, नुसती मान हलवतात. आन् माणसं म्हणली, काकांचा मान राखून आम्ही ताट खोलीभायेरच ठेवतो.

मी गेलो असतो. पण गुडघे जिना चढू देत न्हाईत, आन् मला बघितलं की त्यो तोंड फिरवंल. उद्या पहारा तुझा हाय. तुझ्या तोंडाकडं बघून त्याला काही आठवायचं न्हाई, म्हणून तुला बोलावलं. जाताना घरनं डबा घेऊन जा, गुंडाप्पा. भायेर बसू नको, पाठ करू नको. त्याच्या डोळ्याम्होरं मांडी घाल आन् जेव. वाजवून जेव. त्याचा हात आला तर बघितलं न बघितलं कर आन् ताट सरकव. मधी कुणी मनगट धरायला आला, मंडळाचा असू दे न्हाईतर देव असू दे, त्याला जिन्यावरनं खाली फेक. पण तेवढा एक घास त्याच्या तोंडात जाऊ दे.